जुन्या जीपचं स्टेअरिंग लटपटतंय : बॉक्स बदलू की आधी आणखी काही बघू?

मेढ्याचा_गणू

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज गरज पडली म्हणून पहिला धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

घरी वडिलांची महिंद्राची एमएम ५४० जीप आहे. १९९४ची, प्यूजो इंजिन, फोर व्हील, एमएच ११. दुधाचे कॅन, कडब्याच्या पेंढ्या, लग्नाची वऱ्हाडं, सगळं हिनंच ओढलं. आता वडील नाहीत, आणि गाडी विकायचा विषय निघाला की आई जेवणाचं ताट बाजूला सारते. त्यामुळं 'विकून टाक' हा सल्ला बाद समजा.

त्रास असा आहे. स्टेअरिंग दोन-तीन इंच नुसतंच फिरतं, चाकांना पत्ताही नसतो. ते चालवून घेत होतो. पण गेले दोन-तीन महिने ४५-५०च्या वेगात एखादा खड्डा लागला की पुढची चाकं जी नाचायला लागतात, ती वेग २०वर येईस्तोवर थांबत नाहीत. परवा कण्हेरच्या अलीकडं असंच झालं, शेजारी बसलेल्या मामांनी तिथंच मेरुलिंगाला नवस बोलला.

गॅरेजवाला म्हणतो स्टेअरिंग बॉक्स गेला, अख्खा बदलू. नवा मिळेल याची खात्री नाही, जुन्या बाजारातला घालू म्हणतो. करू का? की आधी आणखी काही बघायचं असतं?

अजिंक्यतारा_११

विकून टाक.

भडंग

@अजिंक्यतारा_११, ताट तुमच्याकडं पाठवलंय.

घाटरस्ता

गणूभाऊ, आधी एक सांगा, चाकं नाचायला लागली की तुम्ही ब्रेक दाबता का? जोरात दाबू नका. स्टेअरिंग घट्ट धरा, ॲक्सिलरेटर सोडा, वेग आपसूक उतरू द्या. पुढून ब्रेक लागला की तो नाच आणखी वाढतो. आणि हे बरं होईस्तोवर गाडी केळघर घाटात नेऊ नका. बाकीचं जाणकार सांगतील, पण जीव आधी.

लेथवाले_काका

मी कुपवाडचा. तीस वर्षं लेथवर बुश आणि पिना करतोय, जीपा, ट्रॅक्टर, ट्रका सगळं हाताखालून गेलंय. म्हणून थोडं अधिकारानं बोलतो.

स्टेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, आली की बॉक्सवर खापर फोडायची पद्धत आहे. बॉक्स दिसतो, मोठा असतो, आणि त्याचं बिलही मोठं होतं. खरं म्हणजे तुमच्या हातापासून चाकापर्यंत सात-आठ सांधे आहेत. प्रत्येकानं सुतभर खाल्लं की वर स्टेअरिंगला तीन इंच होतात. बॉक्स बदलाल, एक इंच कमी होईल, दोन तसेच राहतील.

आता मोफतची तपासणी सांगतो. गाडी सपाट जागी, चाकं जमिनीवरच ठेवा, जॅक नको. एकाला वर बसवा. त्यानं स्टेअरिंग घड्याळाच्या अकरा ते एक एवढंच डावं-उजवं हलवत राहायचं. तुम्ही खाली आडवे व्हा. प्रत्येक सांध्यावर हाताचा पंजा असा ठेवा की अर्धा एका भागावर, अर्धा दुसऱ्यावर. डोळ्यांना दिसत नाही ते पंजाला कळतं. बॉक्सपासून सुरुवात करा : बॉक्सचे चेसिसवरचे बोल्ट, मग ड्रॉप आर्म (बॉक्समधून खाली येणारा दांडा), ड्रॅग लिंकची (तिथून चाकाकडं जाणारी सळई) दोन्ही टोकं, टाय रॉडची (दोन्ही चाकं जोडणारी आडवी सळई) दोन्ही टोकं. कुठं एक भाग हलतो आणि दुसरा उशिरा येतो, तिथं खडूनं खूण करा.

बॉक्स चेसिसवर बसतो तिथली माती पुसून काढा आणि बॅटरी मारून बघा. तडा असला तर गंजाची बारीक तांबडी रेघ दिसते. वर बसायला घरचंच माणूस घ्या, गॅरेजचं नको.

वाईची_शिल्पा

काकांना अनुमोदन. आमची बाबांची जुनी कमांडर होती, तेव्हा मी अकरावीत. 'वर बसणारं घरचं माणूस' म्हणजे मी. बाबा खालून ओरडायचे, 'हळू, हळू, आता थांब', आणि मी वर पाय हलवत बसलेली. पसरणी घाट चढताना अजून आठवतं, कुठलं टाय रॉड टोक गेलंय ते बाबांना स्टेअरिंगच्या थरथरीवरून कळायचं.

एक भर घालते. नंतर चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवायचं, म्हणजे एक हात माथ्यावर, एक तळाशी. हललं तर दोन शक्यता, चाकाचं बेअरिंग किंवा किंग पिन (ज्या पिनेवर चाक डावं-उजवं वळतं ती). तेव्हा दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून ठेवायला सांगायचं. हलणं थांबलं तर बेअरिंग, तरीही हललं तर किंग पिन. बाबांची ही युक्ती मी नंतर नवऱ्याच्या कारवर वापरली, तेव्हापासून सासरी वट आहे.

पाटणकर_ड्रायव्हर

काकांचं ९० टक्के बरोबर. पण 'बॉक्सवर खापर' हे जरा जास्त झालं. बॉक्सही जातो हो. पंचवीस-तीस वर्षांच्या गाडीत बॉक्सचं सील गळतं, गिअर ऑइल निघून जातं आणि मग मिस्त्री लोक त्यात ग्रीस कोंबतात. ग्रीस एकदा बाजूला सरकलं की परत दातांवर येत नाही, बॉक्स कोरडाच फिरतो. त्यात ९० नंबरचं गिअर ऑइलच हवं. सील पाझरत असेल तर सील बदला, ग्रीस हा इलाज नाही.

लेथवाले_काका

@पाटणकर_ड्रायव्हर, अगदी मान्य. आणि बॉक्सवर एक ॲडजस्टिंग स्क्रू असतो, तो पिळून प्ले काढायचा मोह सगळ्यांना होतो. तो चाकं सरळ असताना आणि थोडाच फिरवायचा. जास्त आवळला की वळणावरून स्टेअरिंग आपण होऊन परत येत नाही आणि बॉक्स खरंच मरतो. गणू, बाकी सगळं झाल्यावरच त्याला हात लाव.

माधवनगर_८००

धाग्यात घुसखोरीबद्दल माफी. माझी मारुती ८०० आहे, २००६ची. तिच्यात बॉक्स-बिक्स नाही, रॅक (दातेरी पट्टीचं स्टेअरिंग) आहे हे माहीत आहे. स्पीड ब्रेकरवरून जाताना पुढून 'टक् टक्' असा आवाज येतो. २०१९च्या महापुरात गाडी दोन दिवस पाण्यात होती. इंजिन तेव्हाच करून घेतलं, पण खालच्या कामाकडं कुणी बघितलंच नाही. रॅक बदलायला सांगतायत.

भडंग

सांगली-साताऱ्याची सगळी गॅरेजं एकच वाक्य शिकून बाहेर पडलेली दिसतायत.

लेथवाले_काका

@माधवनगर_८००, ताई असाल तर ताई, दादा असाल तर दादा. ८००मध्ये पुढं पाटे (लीफ स्प्रिंग) नाहीत, स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकत्र) आहे. त्या गाडीत स्टॅबिलायझर बार नुसता झुकणं कमी करत नाही, खालच्या आर्मला पुढं-मागं धरूनही तोच ठेवतो. त्याचे रबरी बुश गेले की बरोबर असाच टक् टक् येतो, आणि ते बुश स्वस्त असतात. मग खालचा बॉल जॉइंट बघा, मग स्ट्रटच्या वरचं माउंटिंग. बॉनेट उघडून स्ट्रटच्या टोकावर तळवा ठेवा, कुणाला तरी जागच्या जागी स्टेअरिंग फिरवू द्या. हाताला टणक झटका बसला तर माउंटिंग.

पुराच्या गाडीत मात्र रॅकचं रबरी बूट सोडून आत बघाच. बूट फाटलं असेल तर गाळ आत गेलेला असतो. कृष्णेचा गाळ शेताला चांगला, रॅकला नाही.

माधवनगर_८००

ताईच. धन्यवाद काका, रविवारी बघते आणि कळवते.

मेढ्याचा_गणू

काका, शिल्पाताई, दंडवत घ्या. आज सकाळी बायकोला वर बसवलं आणि मी खाली. अर्ध्या तासात इतकं कळलं की लाज वाटली.

१. बॉक्सचे चेसिसवरचे चारपैकी दोन बोल्ट ढिले. एक तर हातानं फिरला. तडा नाही, चारी बाजूंनी नीट पाहिलं.
२. डावीकडचं टाय रॉडचं टोक गेलेलं. पंजाला स्पष्ट कळलं, वरून काहीच दिसत नव्हतं.
३. किंग पिनला किंचित हालचाल, ब्रेक दाबला तरी तेवढीच. उजवीकडं जास्त.

बोल्ट नव्या स्प्रिंग वॉशरसह आवळले. टाय रॉडची दोन्ही टोकं बदलली, नटांना नव्या स्प्लिट पिना घातल्या. तीन इंचांचा प्ले आता एक इंचावर आलाय. बॉक्सला अजून हात लावलेला नाही.

पण! खड्ड्यात चाकं नाचणं तसंच आहे. थोडं कमी झालं इतकंच. आता काय?

पाटणकर_ड्रायव्हर

स्टेअरिंग डँपर लाव. आडवा शॉकॲब्सॉर्बर असतो, टाय रॉडला जोडतात. नाच बंद.

लेथवाले_काका

@पाटणकर_ड्रायव्हर, नाच बंद नाही, नाच दिसायचा बंद. तापावर गोळी. आत कुठंतरी जे ढिलं आहे ते झिजतच राहणार, आणि डँपर थकला की दुप्पट नाचणार. आधी कारण, मग हवं तर डँपर.

पाटणकर_ड्रायव्हर

काका, माझ्या गाडीला सहा वर्षं डँपर आहे. कोयनेहून चिपळूणला कुंभार्ली घाटानं आठवड्याला दोन फेऱ्या. काही नाही झालं. प्रत्येक वेळी सगळं उकलायला वेळ आणि पैसा कुणाकडं आहे? धंद्याची गाडी दोन दिवस उभी राहिली तर घरी चूल कशी पेटायची?

लेथवाले_काका

हे मात्र खरं बोललात. धंद्याच्या गाडीचं गणित वेगळं असतं, मी ते विसरलो. पण गणूची गाडी धंद्याची नाही, उभी राहू शकते.

गणू, पुढची पायरी किंग पिन. तुमच्या जीपमध्ये पुढच्या ॲक्सलच्या टोकाला गोळा असतो, त्याला वर-खाली दोन पिना आणि टेपर बेअरिंगं. टोपणाखाली पातळ पत्र्याच्या शिम असतात. प्ले आला की एखादी शिम काढायची. मिस्त्री अंदाजानं काढतो, तुम्ही मोजून काढा. टाय रॉड सोडा, ऑइल सीलही सोडा, नाहीतर त्याचाच अडथळा मोजाल. मग टाय रॉडच्या भोकात हुक अडकवून स्प्रिंग काट्यानं चाकाचा गोळा ओढा. सरकायला लागतानाचा आकडा बघायचा. किती हवा हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, तुमच्याच मॉडेलचं बघा.

भडंग

स्प्रिंग काटा सांगलीच्या मार्केट यार्डात मिळेल. हळदीचं पोतं तोलायचा नका आणू, गणूभाऊ, गोळाच उचकटून येईल.

घाटरस्ता

टायरही बघून घ्या. जुन्या जीपांना १६ इंची रिमवर अजून जुन्या पद्धतीची नायलॉन टायरं असतात. उन्हाळाभर एका जागी उभी राहिली की खालचा भाग चपटा होतो. बॅलन्सिंग करा, पुढची मागं टाकून बघा. फुकटात निदान होतं. पुढचा नाच थांबला, तर दोष टायरचा.

जुनं_ते_सोनं

आणि पाटे? पाट्यांकडं कुणीच वळलं नाही! पाट्यांमध्ये वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, जळकं ऑइल सोडायचं. आमच्या आजोबांच्या गाडीचे पाटे चाळीस वर्षं टिकले.

वाईची_शिल्पा

@जुनं_ते_सोनं, आमच्या बाबांचं आणि शेजारच्या मिस्त्रींचं याच्यावरून आयुष्यभर भांडण होतं. बाबा म्हणायचे गंज थांबतो, मिस्त्री म्हणायचे धूळ चिकटते आणि पाट्यांना कानस लागते. दोघंही त्या पैजेचा चहा एकमेकांच्या घरी प्यायचे.

लेथवाले_काका

यात एक गोष्ट मात्र वादाची नाही. शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी हलती कडी) बुश धातूचे असतील, ग्रीसचं निपल असेल, तर ग्रीस भरायचंच, महिन्याला. नवं ग्रीस आत गेलं की जुनं काळं ग्रीस दुसऱ्या बाजूनं बाहेर येतं, तोवर दाबायचं. पण बुश रबरी असेल तर ना ग्रीस, ना ऑइल, ना डिझेल. वॉशिंग सेंटरला 'खालून डिझेल मारू का?' विचारतात तेव्हा नको म्हणा. रबर फुगतं, मऊ पडतं, आणि वर्षात गाडी कुरकुरायला लागते. आणि रबरी बुशाचा बोल्ट गाडी जॅकवर असताना आवळू नका. चाकं जमिनीवर टेकवून, वजन येऊ देऊन मग शेवटचा आवळा द्या. नाहीतर रबर कायमचं पिळवटलेलं राहतं.

अजिंक्यतारा_११

दिल्लीत दहा वर्षांच्या पुढची डिझेल चालत नाही म्हणे. तुमची १९९४ची अजून रस्त्यावर कशी?

घाटरस्ता

तो नियम दिल्ली परिसरासाठी. आपल्याकडं खासगी गाडीला पंधरा वर्षांनी फेरनोंदणी, आणि पुढं दर पाच वर्षांनी. गाडी ठणठणीत असेल तर पासिंग होतं. गणूभाऊंची झालेली असणारच.

मेढ्याचा_गणू

हो, झाली आहे. त्या वेळी स्टेअरिंग इतकं वाईट नव्हतं, देव जाणे.

किंग पिनचं काम केलं. उजवीकडं दोन शिम निघाल्या, डावीकडं एक. स्प्रिंग काटा शेजारच्या भुसार दुकानातून आणला, शेटजी विचारत होते काय तोलताय. टायरं मागं-पुढं करून पाहिली, नाच पुढंच राहिला, म्हणजे टायर निर्दोष.

खडू आणि टेप घेऊन टो-इन (पुढची चाकं पुढून किती आत वळलीत ते) पण मोजलं. दोन्ही टायरांच्या मधोमध खूण, पुढून मोजलं, गाडी ढकलून चाकं अर्धी फिरवली, खुणा मागं नेल्या, परत मोजलं. पुढं अर्धं सूत कमी भरलं. हे ठीक आहे ना?

पण नाच अजूनही आहेच. मी थकलो. आई म्हणते गाडीला दृष्ट लागली. पाटे दिवाळीत ठोकून घेतल्यापासून गाडी चांगली उंच झाली होती, गावात सगळ्यांनी नावाजली, तेव्हाच लागली म्हणते.

लेथवाले_काका

थांब. थांब. थांब.

पाटे दिवाळीत काढले होते?

वाईची_शिल्पा

गणूदादा!!!

पाटणकर_ड्रायव्हर

हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं असतं, राव!

भडंग

चहा ठेवलाय. पुढं बोला.

मेढ्याचा_गणू

अहो, मला वाटलं पाटे वेगळे, स्टेअरिंग वेगळं. पुढच्या उजव्या पाट्याचा मेन पाटा तुटला होता. दुसऱ्या गॅरेजमध्ये दिला (नाव नको), त्यांनी मेन पाटा नवा घातला, बाकीचे ठोकून घेतले, सेंटर बोल्ट आणि यू बोल्ट नवे. काम झाल्यावर दोन लोखंडी पट्ट्याही परत दिल्या, 'या उरल्यात' म्हणून.

लेथवाले_काका

उरलेल्या पट्ट्या कशा दिसतात?

मेढ्याचा_गणू

साधारण बोटभर लांब, पाट्याच्या रुंदीच्या. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ. मध्ये भोक. एक टूलबॉक्समध्ये आहे. दुसरी आई माजघराच्या दाराला लावते, वाऱ्यानं आपटू नये म्हणून. फार छान बसते.

भडंग

😂😂😂 (चहा सांडला)

लेथवाले_काका

मंडळी, सापडलं.

गणू, सायकलचा पुढचा चिमटा बघ. तो उभा सरळ नसतो, वरचं टोक मागं झुकलेलं असतं. त्या झुकण्यामुळं चाक हात सोडले तरी सरळ पळतं. जीपच्या किंग पिनलाही असाच मागचा झुकाव लागतो, त्याला कॅस्टर म्हणतात, साधारण तीन अंश. तो कमी झाला की चाक सरळ राहायचं विसरतं, आणि एक खड्डा लागला की नाचायला कारण मिळतं.

तुझ्या दाराची खुट्टी ही कॅस्टरची पट्टी आहे. पाटा आणि ॲक्सल यांच्या मधली. आता सांग, तुझ्या वडिलांनी कधी लांब शॅकल घातले होते का? गाडी उंच करायला?

मेढ्याचा_गणू

घातले होते! ओढ्यातून जायला लागायचं म्हणून. मी शाळेत असेन तेव्हा.

लेथवाले_काका

मग चित्र पुरं झालं. या जीपमध्ये शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतो. लांब शॅकल घातला की पुढचं टोक खाली जातं, ॲक्सल पुढं झुकतो आणि कॅस्टर खातो. तुझ्या वडिलांच्या मिस्त्रीला हे ठाऊक होतं, म्हणून त्यानं पाचरीची पट्टी घालून तो भरून काढला. तो मिस्त्री हुशार होता. ज्यानं दिवाळीत काढली, त्याला पट्टी कशासाठी हे माहीत नव्हतं, त्याला 'उरलेली' वाटली. वाईट हेतू नव्हता, पण गाडी कुणाची होती हे त्यानं विचारलं नाही.

पट्टी परत घालताना जाड बाजू कुठं, हे नीट बघ. पाटा ॲक्सलखाली असेल आणि पट्टी त्या दोघांमध्ये, तर जाड बाजू पुढं. पाटा वर असेल तर उलट. शंका असेल तर आधी मोज. किंग पिनच्या टोपणाच्या सपाट भागावर फोन ठेव, लेव्हलचं ॲप असतं त्यात. गाडी सपाट जागी हवी, एवढंच. आणि सेंटर बोल्ट. पट्टीमुळं मधलं अंतर वाढतं, त्यामुळं बोल्टाचं डोकं उंच लागतं, ते पट्टीतून जाऊन ॲक्सलच्या खळग्यात बसायला हवं. दिवाळीतले बोल्ट आखूड डोक्याचे असणार. वेल्डिंगनं डोकं वाढवू नकोस, लेथवर करून घे. इकडं आलास तर मी करतो.

वाईची_शिल्पा

दोन्ही बाजूंचं चाकांमधलं अंतर पण मोजा, पुढच्या ॲक्सलपासून मागच्यापर्यंत. आखूड डोकं खळग्यात बसलं नसेल तर ॲक्सल सरकलेला असतो, आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी पळते. ५४०ला ९१ इंच भरलं पाहिजे.

पाटणकर_ड्रायव्हर

आणि पाटे ठोकताना तापवले होते का? तापवून ठोकले आणि नीट पाणी दिलं नसेल, तर सहा महिन्यात परत बसतील. पाटे थंडच ठोकायचे, ऐरणीवर, हळूहळू. आमच्याकडं तुटका पाटा लोहाराकडं जातो आणि ऊसतोडीचा कोयता होऊन परत येतो, तो मात्र एक नंबर.

माधवनगर_८००

मध्येच माझं सांगून टाकते. स्टॅबिलायझर बारचे बुश होते! चारही बदलले, आवाज गेला. रॅकचं डावं बूट फाटलेलं निघालं, पण आत गाळ फार नव्हता. साफ केलं, ग्रीस भरलं, नवं बूट घातलं. रॅक शाबूत. काकांना भडंग कुठं पोचवू?

भडंग

मला बोलावलंत?

मेढ्याचा_गणू

(चार दिवसांनी)

काम झालं. सविस्तर लिहितो.

मोजलं तेव्हा कॅस्टर जेमतेम अर्धा अंश होता. ९१ इंच दोन्हीकडं, फरक सुतभर, म्हणजे ॲक्सल नशिबानं सरकला नव्हता. शनिवारी कुपवाडला काकांकडं गेलो. त्यांनी उंच डोक्याचे दोन सेंटर बोल्ट लेथवर करून दिले आणि पैशांचं नाव काढू दिलं नाही. टूलबॉक्समधली पट्टी लगेच मिळाली. दुसरी दारातून काढायला आई तयार नव्हती. 'हीच बरी आहे, तू दुसरी घे.' शेवटी वडिलांच्या मिस्त्रीनं घातलेली आहे म्हटल्यावर स्वतः काढून, पदरानं पुसून हातात दिली.

दोन्ही पट्ट्या घातल्या, जाड बाजू पुढं. यू बोल्ट आवळले. परत मोजलं, अडीच ते तीनच्या मध्ये. मेढा-सातारा मुद्दाम सगळे खड्डे शोधत आलो. ५५ला एक मोठा घेतला. स्टेअरिंग एकदा हललं आणि गप्प बसलं. वळणावरून आता आपण होऊन सरळ येतं, हे तर मी विसरूनच गेलो होतो. सेवा रस्त्यावर महामार्गाच्या कामाचे जे खड्डे आहेत, त्यातूनही नेली.

बॉक्सचं सील बदललं, ९० नंबर ऑइल भरलं, स्क्रू पाव फेरा फिरवला, तेही काकांच्या समोर. प्ले एक इंचाच्या आत आहे. बॉक्स तोच.

मामांना घेऊन परत कण्हेरपर्यंत गेलो. नवस फेडायचाच म्हणतात.

लेथवाले_काका

दोनशे किलोमीटर झाले की यू बोल्ट परत आवळून घे. नवे ताणतात. विसरू नको.

पाटणकर_ड्रायव्हर

अभिनंदन, गणू. माझा डँपर काढून एकदा किंग पिन बघतो म्हणतोय. कुणाला सांगू नका.

अजिंक्यतारा_११

इतकं चांगलं झालंय तर विकून टा... बरं, राहू दे.

वाईची_शिल्पा

आणि आईच्या दाराचं काय?

मेढ्याचा_गणू

तुटलेला मेन पाटा अजून घरात होता. काकांनी त्याचाच एक तुकडा कापून, एका बाजूनं घासून पाचर करून दिलीय. आई म्हणते पहिल्यासारखी बसत नाही.